जमिनीवर कोर्टाचा स्टे (मनाई हुकूम) आलाय? मुदत मोजताना या चुका टाळा

आपल्या गोव्यात भाट (बागायतीची जमीन) आजोबांच्या नावाचं, एक-चौदाच्या उताऱ्यावर (इथला जमिनीचा सातबारासारखा उतारा) दहा नावं, मग एक भाऊ कंपाऊंडसाठी चिरे उतरवतो आणि दुसरा म्हापशाच्या नाहीतर फोंड्याच्या कोर्टातून स्टे आणतो. पुढे कोणीतरी सांगतोच, "सहा महिने झाले मरे, स्टे गेला!" हे साफ चूक. २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टाने सहा महिन्यांचं म्हटलं होतं ते खटल्याचं कामकाज थांबवणाऱ्या स्टेबद्दल, आणि तेही २९ फेब्रुवारी २०२४ ला पाच न्यायाधीशांनी रद्द केलं.

मुदत ऑर्डरमध्येच बघा. "दाव्याचा निकाल लागेपर्यंत" असेल तर कितीही वर्षं चालतो, "पुढील आदेशापर्यंत" असेल तर कोर्ट उठवेपर्यंत. पण "पुढील तारखेपर्यंत" असेल तर दर तारखेला वाढवून घ्यावा लागतो, आणि इथे ज्याने स्टे आणला तोच गाफील राहतो. आमच्या घरच्या दाव्यात अगदी असंच झालं, तारखेला आमच्या बाजूने कोणी उभंच राहिलं नाही, रोजनाम्यात (कोर्टाची त्या तारखेची नोंद) मुदतवाढ नाही, आणि आम्हाला कळेपर्यंत समोर पाया भरून झाला होता. म्हणून सांगते, दर तारखेनंतर रोजनामा स्वतः वाचा, वकिलावर विश्वास असला तरी वाचा.

समोरच्याचं न ऐकता एकतर्फी स्टे मिळाला की कोर्टाने ३० दिवसांत अर्जाचा निकाल द्यायचा प्रयत्न करायचा असतो, नाही जमलं तर कारण लिहायचं. पण ३१ व्या दिवशी तो आपोआप उठतो असं समजून मेस्त्रीला बोलवू नका. स्टे चुकीचा वाटत असेल तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ऑर्डर ३९ नियम ४ खाली उठवायचा अर्ज करा, नाहीतर वेळेत अपील. स्टे मोडलात तर तीन महिन्यांपर्यंत दिवाणी कैद होऊ शकते, मालमत्ता जप्त होऊ शकते.

स्टे नाही म्हणून विकायला काढणं ही पण चूकच, दावा चालू असताना घेणाऱ्यालाही निकाल बांधतो (मालमत्ता हस्तांतरण कायदा, कलम ५२).

आणि "जैसे थे" ठेवण्याचा आदेश असताना छप्पर गळत असेल तर? गुपचूप नळे (कौलं) बदलू नका. आधी फोटो काढा, कोर्टाकडे दुरुस्तीची परवानगी मागा, आणि हा अर्ज एप्रिलमध्येच टाका, कारण मे महिन्यात कोर्टाला सुट्टी लागते आणि जूनला पाऊस दारात असतो.