ड्राय फूडची पिशवी उलटी करून वाचा

कुत्र्याच्या खाण्याच्या पिशवीवर पुढून चमकदार केसांचा कुत्रा आणि 'प्रीमियम', 'नैसर्गिक' असे शब्द असतात. त्यांच्यावर वेळ घालवू नका. कामाचा मजकूर मागे, बारीक अक्षरांत असतो.

सर्वांत आधी 'संपूर्ण व संतुलित आहार' असं लिहिलंय का ते बघा. 'पूरक आहार' असेल तर ते रोजचं जेवण नव्हे. त्याच्याच आसपास ते कोणत्या वयासाठी आहे हेही दिलेलं असतं. पिल्लाला पिल्लाचंच किंवा 'सर्व वयांसाठी' असलेलं द्या. ग्रेट डेन, जर्मन शेफर्ड अशा मोठ्या जातीचं पिल्लू असेल, तर मोठ्या जातींच्या पिल्लांसाठी बनवलेलंच घ्या. कॅल्शियम जास्त झालं की त्यांच्या हाडांची वाढ बिघडते, त्यामुळे वरून कॅल्शियमची पावडर तर मुळीच नको.

आता घटकांची यादी. सगळी गंमत इथे आहे. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहितात, पण ते वजन शिजवण्यापूर्वीचं असतं. ताज्या चिकनमध्ये ७० टक्क्यांच्या आसपास पाणीच असतं. म्हणून पहिलं नाव 'ताजं चिकन' असलं, तरी पाणी उडाल्यावर ते बरंच खाली घसरू शकतं. 'चिकन मील' मात्र आधीच वाळवलेलं असतं, त्यामुळे त्यात प्रथिनं दाटलेली असतात. दुसरी चलाखी म्हणजे एकच धान्य तुकड्यातुकड्यांनी दाखवणं: मका, मक्याचं पीठ, मक्याचं ग्लुटेन. तिघांची बेरीज केली तर कदाचित मकाच पहिला येईल. प्राण्याचं नाव घेतलेला घटक केव्हाही बरा. हृदय, यकृत पौष्टिकच असतं, त्यामुळे 'उपपदार्थ' या शब्दाला घाबरायचं कारण नाही; पण नुसतं 'मांस उपपदार्थ' लिहिलं असेल तर ते कोणाचं, हे कळत नाही.

मग आकडे. समजा प्रथिनं २४ टक्के आणि ओलावा १० टक्के. ओलावा वजा केल्यावर उरले ९०. २४ भागिले ९० म्हणजे कोरड्या वजनात जवळपास २७ टक्के प्रथिनं. अमेरिकेतल्या आफको या संस्थेच्या मापदंडात कोरड्या वजनावर प्रौढ कुत्र्याला किमान १८ आणि पिल्लाला २२.५ टक्के प्रथिनं लागतात. कर्बोदकं बहुतेक पिशव्यांवर छापलेली नसतात. प्रथिनं, स्निग्धांश, तंतू, ओलावा आणि सुमारे ७ टक्के राख (म्हणजे खनिजं) शंभरातून वजा केली की त्यांचा अंदाज येतो.

'ग्रेन-फ्री', म्हणजे धान्य नसलेल्या खाण्याची भुरळ पडत असेल तर थोडं थांबा. बहुतेक कुत्र्यांना शिजलेलं धान्य छान पचतं. अ‍ॅलर्जी असलीच तर ती गव्हाइतकीच बीफ, दूध किंवा चिकनचीही असू शकते. शिवाय अमेरिकेच्या एफडीए या अन्न व औषध नियामक संस्थेने २०१८ मध्ये अशा काही आहारांचा हृदयविकाराशी संबंध आहे का, याची चौकशी सुरू केली होती. कारण ठामपणे सिद्ध झालेलं नाही, पण गरज नसताना तिकडे वळावं असं मला वाटत नाही.

किमतीची तुलना किलोवर करू नका, रोजच्या खर्चावर करा. नसबंदी झालेल्या १० किलोच्या प्रौढ कुत्र्याला दिवसाला साधारण ६३० किलोकॅलरी लागतात. शंभर ग्रॅमला ३५० किलोकॅलरी देणारं खाणं १८० ग्रॅम लागेल, ४२० देणारं १५० ग्रॅममध्ये भागेल. ही फक्त सुरुवात. बरगड्या हाताला सहज लागल्या पाहिजेत. लागत नसतील तर माप कमी करा. आणि कपापेक्षा वजनकाटा वापरा.

नवं खाणं एकदम सुरू करू नका. ७ ते १० दिवसांत जुन्यात थोडं थोडं वाढवत न्या. या काळात शीवर लक्ष ठेवा: घट्टसर, उचलताना न पसरणारी शी म्हणजे खाणं मानवलंय. पातळ होत राहिली, उलट्या झाल्या किंवा सतत खाज सुटली तर व्हेटना दाखवा.

पहिल्यांदा छोटीच पिशवी घ्या. उघडल्यावर हवा लागून त्यातली चरबी खवट होते, म्हणून दीड महिन्यात संपेल एवढंच आणा. डब्यात ओतू नका, पिशवीसकट डब्यात ठेवा. बॅच नंबर आणि मुदतीची तारीख पिशवीवरच असते, आणि तक्रार करायची वेळ आली तर पहिल्यांदा तेच विचारतात.