राहत्या ट्रेलरचे टायर घेताना या चुका टाळा

‘साइज तीच आहे, मग चालेल.’ ट्रेलर बांधून घेणाऱ्यांच्या तोंडून हे वाक्य ऐकलं की मला इंदूरहून महेश्वरला जाताना लागणारा गणेश घाट आठवतो.

माझ्या मावसभावाने इंदूरला सांवेर रोडवरच्या एका कारखान्यात एका अ‍ॅक्सलचा, म्हणजे दोन चाकांचा, राहता ट्रेलर बांधून घेतला. टायरवर लिहिलं होतं १८५/७० आर १४, पुढे ८८. मी म्हटलं, ‘दादा, निघायच्या आधी एकदा धरमकाट्यावर नेऊ.’ तो म्हणाला, ‘अरे, हेच टायर कारला पाच माणसं घेऊन पळतात.’ मे महिन्यात सगळे महेश्वरला निघाले. मानपूर सोडून घाट उतरले आणि धामनोदच्या अलीकडे उजवा टायर फुटला. मडगार्डचा पत्रा उचकटला, ट्रेलर दोनदा झोकांडला. मागे ट्रक नव्हता, म्हणून मुलं धडधाकट घरी आली.

त्यानंतर मी स्वतः ट्रेलर काट्यावर नेला. उजव्या चाकावर ६८० किलो, डाव्यावर ५८०. स्वयंपाकाचा ओटा, पाण्याची टाकी आणि दोन्ही बॅटऱ्या उजवीकडेच होत्या. आणि ८८ या लोड नंबरचा अर्थ एका टायरला जास्तीत जास्त ५६० किलो, तेही हवा पूर्ण असताना. शिवाय कारचा टायर ट्रेलरला लावला तर त्याची क्षमता १.१ ने भागायची, असा अमेरिकेत नियमच आहे. म्हणजे उरले ५०९. दोन्ही चाकं पहिल्या दिवसापासून जास्तीच्या ओझ्याखाली होती.

एकूण वजनाला दोनाने भागून मोकळे होऊ नका. टाकी भरा, सिलिंडर, भांडी, गाद्या, सगळं चढवा, ट्रेलर गाडीला जोडलेलाच ठेवा आणि एकेका चाकाचं वजन घ्या. रिकाम्या ट्रेलरचं वजन घेण्यात काहीच अर्थ नाही, १०० लिटर पाणीच १०० किलो भरतं. जड चाकाच्या आकड्यात मी वीस टक्के वाढवतो. ६८० चे झाले ८१६. लोड नंबर १०० म्हणजे ८०० किलो, तो अपुरा. १०२ म्हणजे ८५०. म्हणून भावाला १८५ आर १४ सी, १०२/१०० घ्यायला लावला. रुंदी तीच, रिमचं माप तेच, पण हा मालवाहू गाडीचा टायर आहे. तिरप्या रेघेनंतरचा १०० जोडचाकासाठी, म्हणजे एका बाजूला दोन टायर शेजारी लावतात त्यासाठी असतो, तो आपल्या कामाचा नाही. हा टायर थोडा उंच असतो, तेव्हा मडगार्डखाली जागा बघा. रिमही तेवढं वजन पेलणारी हवी; नुसता टायर बदलून कारची रिम तशीच ठेवणं ही पैसे वाचवायची सगळ्यात वाईट जागा.

हवेबद्दल तर मी थकलो सांगून. ‘उन्हाळा आहे, हवा कमी ठेवा’ हा सल्ला पंक्चरवाल्यापासून काकांपर्यंत सगळे देतात. टायर फुटतो तो कमी हवेने. हवा कमी असली की कड जास्त दबते, प्रत्येक फेरीला वाकते, आणि त्या वाकण्यानेच आतून तापते. या टायरला साधारण ६५ पीएसआय हवा लागते. त्यात कारसारखी ३५ भरली तर ८५० किलोची ताकद कागदावरच राहते. मी सकाळी टायर गार असताना स्वतःच्या गेजने मोजतो. वाटेत तापलेल्या टायरमधली हवा कधीही सोडत नाही. व्हॉल्व्ह धातूचा बसवतो.

स्टेपनीही त्याच लोड नंबरची.

तारीख वाचा: कडेवरचे २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. ट्रेलर वर्षभर उभाच असतो, त्यामुळे नक्षी नवी दिसते आणि रबर म्हातारं झालेलं असतं. सहाव्या वर्षी मी बदलतोच.

भावाने आता टाकी मधोमध घेतली, एक बॅटरी डावीकडे नेली. परवा काट्यावर उजवं चाक ६४० आणि डावं ६२० निघालं.