पोर्शे ९४४चा टायमिंग बेल्ट: ताण बघताना या चुका टाळा

"काल संध्याकाळपर्यंत गाडी छान चालत होती, सकाळी स्टार्टर मारला आणि आतून खडखडाट झाला." ९४४ बाळगणाऱ्यांच्या तोंडून हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय, की पुढचं सगळं मला ऐकायच्या आधीच कळतं. टायमिंग बेल्ट, म्हणजे क्रँकशाफ्टच्या जोरावर कॅमशाफ्ट फिरवून व्हॉल्व्ह वेळेवर उघडायला लावणारा दातेरी पट्टा, तुटलेला नसतो. नवाकोरा असतो. फक्त त्याचा ताण कुणीतरी घाईत बसवलेला असतो.

या इंजिनात व्हॉल्व्ह आणि पिस्टन एकाच जागेत आळीपाळीने येतात. बेल्टने काही दात सोडले की दोघांची गाठ पडते आणि वाकतात ते व्हॉल्व्हच. म्हणून बेल्ट बदलणं हे निम्मंच काम आहे. उरलेलं निम्मं म्हणजे ताण, आणि तिथेच लोकांचा धीर सुटतो.

गरम इंजिनावर ताण बसवणं

माझ्या मते सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. ९४४चा ब्लॉक आणि हेड दोन्ही ॲल्युमिनियमचे. तापले की फुगतात, क्रँक आणि कॅममधलं अंतर वाढतं आणि बेल्ट आपोआप ताणला जातो. कारखान्याने दिलेले आकडे थंड इंजिनाचे आहेत. गरम इंजिनावर तोच आकडा आणलात, तर इंजिन गार झाल्यावर बेल्ट सैल पडणारच.

काही वर्षांपूर्वी एका मित्राच्या १९८५च्या गाडीचा बेल्ट आम्ही दोघांनी मिळून बदलला. दुपारी ९२०१ गेजवर, म्हणजे बेल्टचा ताण मोजायच्या पोर्शेच्या साधनावर, काटा बरोबर ४.० वर आणला, म्हणजे नव्या बेल्टला हवा तिथेच. मग इंजिन चालू केलं, पंखा लागेपर्यंत चालू ठेवलं आणि मी गळती बघायला गाडीखाली गेलो. तेवढ्यात त्याने "एकदा खात्री करू" म्हणून परत गेज लावला. काटा बराच वर गेलेला. त्याला वाटलं दुपारी आपण जास्त आवळलं, म्हणून बेल्टला ताण देणारा रोलर ढिला करून त्याने काटा पुन्हा ४.० वर आणून ठेवला. मी बाहेर आलो तेव्हा कव्हर बसलेलं होतं. इंजिन गरम होतं का, असं विचारलं तर म्हणाला, "थोडंसंच."

तिथल्या तिथे कव्हर काढायला लावायला हवं होतं. रात्र झाली होती, दोघंही दमलो होतो, मी गप्प बसलो. त्या गप्प बसण्याचं मला अजून वाईट वाटतं. दोन दिवस गाडी चालली. तिसऱ्या दिवशी पहाटेच्या थंडीत त्याने स्टार्टर मारला आणि बेल्टने दात सोडले. हेड उघडलं तेव्हा आठपैकी सहा व्हॉल्व्ह वाकलेले निघाले.

तेव्हापासून माझी सवय ठरलेली आहे. गाडी रात्रभर उभी ठेवायची आणि ताण सकाळी, इंजिन चालू करायच्या आधी बघायचा. हेडला हात लावल्यावर किंचितही कोमट लागलं, तर त्या दिवशी गेज बाहेर काढायचाच नाही. तीन-चार तासांत इंजिन गार होतं, असं सांगणारे भेटतात. वरून होत असेल, आतून होत नाही.

नट आवळल्यावर परत न मोजणं

१९८७ मॉडेलच्या आधीच्या गाड्यांत रोलर हाताने फिरवून ताण बसवावा लागतो. काटा हव्या त्या आकड्यावर येतो, माणूस खूश होतो आणि नट आवळून मोकळा होतो. पण नट आवळताना रोलर स्वतःही थोडा फिरतो आणि आकडा बदलतो. कधी थोडा, कधी पुष्कळ. मी दुसऱ्या पान्याने रोलर धरून ठेवतो आणि नट आवळतो. मग क्रँकला सरळ दिशेने हाताने पूर्ण दोन फेऱ्या देतो, म्हणजे कॅमची एक फेरी होते आणि बेल्टचा ताण सगळीकडे सारखा होतो. त्यानंतर परत मोजतो. बहुतेक वेळा पहिल्यांदा जमत नाही, दुसरी-तिसरी खेप लागते. नवशिक्यांना हे कंटाळवाणं वाटतं. वाटू दे, पण या फेऱ्या चुकवू नका.

स्प्रिंगवाला टेन्शनर आहे म्हणून निर्धास्त राहणं

१९८७पासून टेन्शनरला, म्हणजे रोलर धरून बेल्टला ताण देणाऱ्या भागाला, स्प्रिंग आली आणि तिच्याबरोबर एक गैरसमजही. स्प्रिंग ताण बसवते तो फक्त नट ढिले असताना. नट आवळले की तो जुन्यासारखाच जागचा रोलर होतो. पुढे बेल्ट ताणला गेला तरी स्प्रिंग काहीही करत नाही. म्हणजे नव्या बेल्टवर साधारण ३,००० किमी झाल्यावर नट ढिले करून ताण पुन्हा घ्यावाच लागतो. ही फेरतपासणी न करणाऱ्यांची संख्या बघून मला खरंच काळजी वाटते. नवा बेल्ट सुरुवातीलाच सर्वांत जास्त सैल पडतो आणि नेमकी तीच तपासणी गाळली जाते.

बोटांनी पीळ देऊन बघणं

"लांब बाजूला बेल्ट चिमटीत धरा, नव्वद अंश फिरला की झालं." ही युक्ती प्रसिद्ध आहे आणि तिचा उपयोगही आहे, पण तो बेल्ट भलताच सैल झालाय का हे पटकन बघण्यापुरता. तिच्यावर ताण बसवू नका. तुमच्या आणि माझ्या बोटांचा जोर सारखा नसतो, नवा बेल्ट कडक असतो आणि जुना मऊ. दुसऱ्या कंपनीचा गेज वापरत असाल, तर ९२०१चे आकडे त्याच्यावर चालत नाहीत. ते किलो किंवा न्यूटन नाहीत, त्या गेजच्या स्वतःच्या पट्टीवरचे आकडे आहेत. फोनवर आवाजाची कंपनसंख्या मोजणाऱ्यांनाही हेच लागू.

बॅलन्स शाफ्टच्या बेल्टकडे दुर्लक्ष

इंजिनाची थरथर कमी करणाऱ्या बॅलन्स शाफ्टना वेगळा बेल्ट असतो. "तो तुटला तरी इंजिन चालतं," असं लोक म्हणतात. चालतं, पण तुटलेला बेल्ट शेजारच्या टायमिंग बेल्टमध्ये गुंतला तर तोही जातो. हे शाफ्ट क्रँकच्या दुप्पट वेगाने फिरतात. बेल्ट जास्त आवळला तर गाडी कण्हल्यासारखा आवाज करते, एक दात चुकला तर सगळं इंजिन थरथरतं. याचा आकडा टायमिंग बेल्टपेक्षा कमी असतो, २.७. दोन्हींना एकच आकडा लावणारेही मी पाहिलेत.

आता बाकीच्या चुका थोडक्यात

बेल्ट बसवलेला असताना क्रँक स्टार्टरने फिरवू नका. प्लग काढा आणि २४ मिमीच्या सॉकेटने हातानेच फिरवा. कॅमच्या बोल्टला पाना लावून इंजिन फिरवू नका. खूण हुकली तर ती जुळवायला क्रँक मागे नेऊ नका, पुढेच आणखी दोन फेऱ्या द्या. टीडीसी, म्हणजे पिस्टन सर्वांत वर असण्याचा बिंदू, बघायचा तो फ्लायव्हीलवरच्या ओटी (OT) खुणेवर, आणि त्याच वेळी कॅमच्या चाकावरची खूणही जुळलीच पाहिजे.

जुन्या रोलरवर नवा बेल्ट चढवू नका. वॉटर पंप याच बेल्टवर फिरतो, त्याच्या बेअरिंगमधून घरघर ऐकू आली तर ताण बसवण्याआधी पंप बदला. पुढच्या ऑइल सीलमधून तेल येत असेल तर आधी सील. तेल प्यायलेल्या बेल्टचा ताण कितीही नेमका बसवला तरी व्यर्थ आहे.

आणि कव्हर बंद करायच्या आधी त्याच्या आतल्या बाजूला मार्करने तारीख, किलोमीटर आणि गेजवरचा आकडा लिहा. पुढच्या वेळी कव्हर उघडणारा माणूस कदाचित तुम्ही नसाल.