पावसाळ्यातील गोगलगायी : पपईची पाने आणि मोजक्या गोळ्या

मुंबईत जून उजाडला की सोसायटीच्या बागेत मोठ्या आफ्रिकन गोगलगायी रातोरात झेंडू आणि अळू फस्त करतात, आणि मेटाल्डिहाइड या गोगलगायी मारणाऱ्या विषाच्या २.५ टक्के गोळ्या सगळीकडे फेकल्या तर त्यांतल्या बऱ्याचशा गोळ्या पावसात भिजून वाया जातात.

त्याऐवजी संध्याकाळी गुळाच्या पाण्यात भिजवलेले गोणपाट कुंपणालगत पसरून त्याखाली पपईची चुरगाळलेली पाने ठेवावीत. शेजारी दगडाच्या टेकूवर नारळाची करवंटी पालथी घालून तिच्याखाली चार-पाच गोळ्या ठेवाव्यात, म्हणजे वासाने आलेली गोगलगाय कोरड्या गोळीपर्यंत पोहोचते. करवंटीची कड बोटभर उचललेली हवी. माझी पहिली करवंटी जमिनीला चिकटून बसली होती आणि आत एकही शिरली नव्हती.

सकाळी ऊन चढण्यापूर्वी हातमोजे घालून सर्व गोगलगायी गोळा कराव्यात, कारण विष खाऊन निपचित पडलेली गोगलगाय ओलाव्यात पुन्हा सावरू शकते. त्या मिठाच्या दाट पाण्यात बुडवाव्यात. मीठ मातीवर मात्र टाकू नये.

या गोळ्या कुत्र्या-मांजरांसाठी जीवघेण्या असल्याने, जिथे ती मोकळी फिरतात तिथे केवळ गोणपाट आणि पाने वापरून गोगलगायी हाताने वेचाव्यात.