एसआरटीची व्हीटीटी करण्याआधी

सबटायटलांच्या फाइली अनेक प्रकारच्या असतात. एसआरटी ही साधी, सर्रास वापरली जाणारी, आणि व्हीटीटी ही वेबवरच्या व्हिडिओंसाठीची. एकीची दुसरी करताना आधी मूळ फाइलची एक प्रत दुसऱ्या फोल्डरमध्ये टाका आणि पुढचं सगळं त्या प्रतीवरच करा. मग ती साध्या नोटपॅडमध्ये उघडून पहिल्या दहा ओळी वाचा. नावाच्या शेवटी काय लिहिलंय त्यावर विसंबू नका. 'डॉट सब' नावाच्या तर दोन अगदी वेगळ्या जाती आहेत. महिरपी कंसात आकडे आणि पुढे मजकूर दिसला, तर ती मायक्रोडीव्हीडी नावाची मजकुराची फाइल. नुसता कचरा दिसला आणि शेजारी त्याच नावाची आयडीएक्स फाइल असली, तर ती डीव्हीडीवरून काढलेली व्हॉबसब, म्हणजे अक्षरांची चित्रं. ब्लू-रेची एसयूपीही तशीच. इथे ओसीआरशिवाय, म्हणजे चित्रातली अक्षरं ओळखून मजकूर बनवणाऱ्या साधनाशिवाय, गत्यंतर नाही. टेसरॅक्ट या ओसीआर साधनाला मराठी वाचता येतं, पण अडखळत. काना-मात्रा-अनुस्वार तपासायला एक संध्याकाळ राखून ठेवा.

मायक्रोडीव्हीडीत वेळ नसते, फ्रेमचे क्रमांक असतात. म्हणून सबटायटलं ज्या व्हिडिओवरून बनली तो सेकंदाला किती फ्रेमचा होता, ते शोधून लिहून ठेवा. १,५०,००० वी फ्रेम २५ च्या हिशेबाने बरोबर १०० मिनिटांवर येते, २३.९७६ च्या हिशेबाने १०४ मिनिटं १६ सेकंदांवर. सुरुवातीला जुळतं आणि शेवटाकडे घसरत जातं, तर घोळ या दराचा. पहिल्यापासून सारखंच दोन सेकंद मागे असेल, तर सगळं एकदम तेवढंच सरकवलं की झालं. हे न ओळखता एकेक ओळ ओढत बसणारे पुष्कळ आहेत. मीही रात्र घालवलीय.

युरोपातल्या वाहिनीकडून ईबीयू एसटीएल, म्हणजे तिथल्या प्रसारकांच्या फॉरमॅटमधली फाइल, आली, तर वेळ बऱ्याचदा १० तासांपासून मोजलेली असते. तेवढे वजा करा. १९९१ च्या या फॉरमॅटमध्ये लॅटिन, सिरिलिक, अरबी, ग्रीक आणि हिब्रू अक्षरांची सोय आहे, देवनागरीची नाही. त्यामुळे मराठी सबटायटलं त्यात घालायच्या फंदात पडू नका.

आता अक्षरं. फाइल यूटीएफ-८ या युनिकोडच्या पर्यायातच जतन करा. जतन करताना एएनएसआय हा जुना पर्याय निवडलात की देवनागरीच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग लागते. मजकूर श्रीलिपीच्या जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमध्ये टाइप केलेला असेल, तर तो आधी युनिकोडमध्ये आणा, कारण फाँट काढला की उरते ती निरर्थक चिन्हं. आणल्यावर 'ऱ्य' शोधाच. काही ठिकाणी तो र, हलन्त आणि एका अदृश्य जोडचिन्हाने लिहिलेला असतो. सफाई करणारं एखादं साधन ते चिन्ह पुसून टाकतं आणि सह्याद्रीच्या 'दऱ्या'चा 'दर्या' होतो. शुद्धलेखन तपासनीसालाही दोन्ही शब्द बरोबरच वाटतात, तेव्हा इथे माणूसच हवा.

सजावटीसकट सबटायटलं ठेवणाऱ्या एएसएस फाइलमधून एसआरटीत जाताना रंग, फाँट, पडद्यावरची जागा यांतलं बरंच गळतं. जे खरंच हवं, उदाहरणार्थ पाटीचं भाषांतर वर दिसणं, त्याची आधी नोंद करा. महिरपी कंसातल्या खुणा एसआरटीत तशाच राहिल्या, तर काही प्लेअर त्या पाळतात आणि काही सरळ प्रेक्षकाला वाचायला देतात. मी तर एएसएसचीच मूळ प्रत सांभाळतो आणि गरजेप्रमाणे तिच्यातून बाकीच्या काढतो. एसआरटीतून गेलेली सजावट परत येत नाही.

व्हीटीटी सोपी, पण नुसतं नाव बदलून होत नाही. पहिल्या ओळीत 'वेबव्हीटीटी' हा शब्द रोमन मोठ्या अक्षरांत हवा आणि मिलिसेकंदांआधीच्या स्वल्पविरामाच्या जागी टिंब. एकाच संवादाच्या मधे रिकामी ओळ राहिली असेल, तर ती आधीच काढा. ती आली की संवाद तिथेच संपला असं धरलं जातं आणि उरलेलं वाक्य गायब होतं.

सबटायटल एडिट हा प्रोग्राम मोफत मिळतो, ही बहुतेक कामं त्यात होतात. रूपांतर झाल्यावर व्हिडिओ तीन ठिकाणी लावून पाहा: पहिला संवाद, साधारण मध्य आणि शेवटचा संवाद. जोडाक्षरं मात्र ज्या फोनवर वा टीव्हीवर लोक बघणार आहेत, त्यावरच तपासा. संगणकावर नीट दिसणारं 'ष्ट्र' तिथे तुटलेलं सापडतं.