प्राग: राज्याभिषेकाच्या वाटेने पायी

बोहेमियाचे (आजच्या चेक प्रजासत्ताकाचा भाग असलेल्या जुन्या राज्याचे) राजे राज्याभिषेकासाठी ज्या मार्गाने किल्ल्याकडे जात, तो सुमारे अडीच किलोमीटरचा मार्ग आजही पायी चालता येतो. रस्ते दगडी फरसबंदीचे असल्यामुळे जाड तळव्याचे बूट घालावेत आणि शक्यतो सकाळी लवकर निघावे.

१४७५ मध्ये बांधायला घेतलेल्या पावडर टॉवरपासून सुरुवात करून त्सेलेत्ना रस्त्याने जुन्या शहराच्या चौकात यावे. तेथील १४१० चे खगोलीय घड्याळ पाहायला तासाच्या ठोक्याला गर्दी उसळते; बाहुल्यांचा खेळ मात्र क्षणभराचा असतो, त्यामुळे त्यासाठी फार वेळ ताटकळू नये. त्यापेक्षा जवळच्या फरशीत बसवलेले २७ पांढरे क्रूस शोधावेत, कारण १६२१ मध्ये येथे देहदंड दिलेल्या बंडखोर नेत्यांची ती स्मृतिचिन्हे आहेत आणि बहुतेक पर्यटक त्यांवरूनच नकळत चालत जातात.

अरुंद, वळणावळणाच्या कार्लोवा रस्त्याने पुढे चार्ल्स पूल लागतो. चौथ्या चार्ल्स राजाने १३५७ मध्ये पायाभरणी केलेल्या या ५१६ मीटर लांबीच्या पुलावर संतांचे ३० पुतळे व पुतळासमूह आहेत, मात्र त्यांपैकी बरेचसे आता प्रतिकृती असून अनेक मूळ शिल्पे संग्रहालयात जपलेली आहेत.

पूल ओलांडल्यावर माला स्त्राना भागातून नेरुदोवा रस्त्याचा चढ सुरू होतो. घरांना क्रमांक मिळण्यापूर्वी ती दारावरील चिन्हांवरून ओळखली जात. दम खाण्यासाठी थांबताना तीन व्हायोलिनचे घर अवश्य पाहावे. चढ संपताच उजवीकडे वळून किल्ल्याच्या प्रवेशद्वाराशी पोहोचावे. परतताना पाय थकले असतील, तर किल्ल्याच्या उत्तरेकडील थांब्यावरून २२ क्रमांकाची ट्राम पकडावी.