बिघडलेल्या कळीचे काम दुसऱ्या कळीकडे
लॅपटॉपची एखादी कळ निकामी झाली, तर संपूर्ण कीबोर्ड बदलण्यापूर्वी तिचे काम कॅप्स लॉकसारख्या क्वचित वापरल्या जाणाऱ्या कळीकडे सोपवून पाहावे. इन्स्क्रिप्ट या भारतीय भाषांच्या कीबोर्ड-मांडणीत मराठी लिहिणाऱ्यांची तर ‘डी’ची कळ गेली की हलन्तच जातो आणि जोडाक्षरे अडतात. विंडोज १० व ११ साठी मायक्रोसॉफ्टच्या पॉवरटॉइज या मोफत साधनसंचातील कीबोर्ड मॅनेजर यासाठी पुरेसा आहे. बंद कळ दाबता येत नसल्याने तिचे नाव यादीतून निवडावे. कळ आपोआप अक्षरे उमटवत असेल, तर तिला ‘डिसेबल’ नेमावे. मात्र हा बदल पॉवरटॉइज चालू असतानाच लागू होतो, लॉगिनच्या पडद्यावर नाही. त्यामुळे पासवर्डमध्येच ते अक्षर असल्यास रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंग्जच्या साठ्यात, नोंद करणारे शार्पकीज हे साधन वापरून संगणक पुन्हा सुरू करावा.